शिदोरी बांधलीस का?

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कचेरीत कुणालाही उपाशी कामावर धाडण्यास सक्त मनाई होती. मनाई माणसांसाठी नव्हती, प्रोग्रामसाठी होती. ती घालणारी बाई आता बंगळुरात असते. मनाई अजून लागू आहे.

ती जतकडची, मेंढपाळांच्या घरातली. कुणाचाही कोड तपासताना एक भुवई उचलून विचारायची, "शिदोरी बांधलीस का रं?" मी वयानं मोठा, म्हणून मला, "आवं दादा, बांधली न्हवं?"

आमचा प्रोग्राम गावोगाव फोन करून कालव्याला पाणी कधी सुटणार ते सांगायचा. कुणाला मराठीत, सीमेवर कानडीत. शेकडो फोन एकदम चालायचे, म्हणून प्रत्येकाची भाषा त्याच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कामासोबत फिरणाऱ्या डब्यात. तीच शिदोरी. नवा टास्क, म्हणजे प्रोग्रामचं एखादं काम, निघताना तिची नक्कल आपोआप घेऊन निघतो. वाटेत त्यानं आपल्या डब्यात काही बदललं, तरी घरचा डबा तसाच.

तिची आत्या सीमेवरच्या गावात, फक्त कानडी बोलणारी. दुपारी आत्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ऊटा आतेन?" म्हणजे, जेवलीस का? हिनं तिला शब्द दिलेला की यंत्र तुझ्याच भाषेत बोलेल.

चाचणीच्या फोनवर यंत्र मराठीत बोललं. विमावाले समजून आत्यानं फोन कापला. खरा फोन असा कापला असता, तर पाण्याची पाळी हुकली असती.

"आमच्याकडं तर नीट चाललं होतं," मी म्हणालो.

"चालंल की. तुमी सगळे सातारकर. मराठीतच तपासणार."

तिनं दुपारपर्यंत चोर धरला. आवाज तयार करायचं काम आम्ही थ्रेडकडं, म्हणजे प्रोग्रामच्या बाजूनं वेगळ्या पळणाऱ्या गड्याकडं दिलेलं. प्रोग्राम लिहिलेला पायथनमध्ये, आणि त्याच्या आमच्याकडच्या आवृत्तीत थ्रेड रिकाम्या हातानं निघायचा. भाषा सापडली नाही की आम्हीच नेमून ठेवलेली मराठी उचलायचा, आणि आम्ही माना डोलवायचो.

तिनं थ्रेडसोबत कॉन्टेक्स्टची नक्कल बांधून दिली, आणि नेमलेली मराठी काढूनच टाकली. "शिदोरी नसली तर बोंबलू दे. गुमान मराठी बोलाय नगं."

मग पुन्हा आत्याला फोन, स्पीकरवर. यंत्र अस्खलित कानडीत म्हणालं, उद्या सकाळी पाणी सुटेल. आत्यानं फोन कापला नाही. शेवटपर्यंत ऐकला. आम्ही सारे अशा छात्या फुगवून उभे, जणू कानडी आम्हीच बोललो. ती मात्र डोळे मिटून बसलेली.

तेवढ्यात पलीकडून आत्यानं मायेनं यंत्रालाच विचारलं, "ऊटा आतेन?"