सातव्या दिवसाचं कलम

काहीही बंद करायचा नियम समोर आला की बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि विचारायच्या, "बंद केलंत, ठीक. उघडणार कधी?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऑफिसात ती कुणालाच परवडत नाहीत.

आमची टोकियोतली छोटी संस्था परदेशी मध्यवर्ती बँकांना नियमांचे मसुदे करून द्यायची. बाई पुण्याच्या, मीही मराठीच, त्यांच्या हाताखाली. एका बेटावरच्या देशाचं काम आलं होतं. तिथे व्याजदराची बैठक लोकांसमोर होते. भूकंप, वादळ आलं तर ती बंद दाराआड घेता यावी, असा नियम त्यांना हवा होता. बाईंनी त्यात कलम घातलं: सातव्या दिवशी बैठक खुली झालीच पाहिजे, आणि बंद बैठकीत कोण काय बोललं तेही वाचून दाखवायचं.

बँक म्हणाली, लोक घाबरतील, कलम काढा. आमच्या साहेबांना, साकामोतो-सानना, बँकेची नाराजी नको होती. बाईंचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि तो वाढवणं साहेबांच्या हातात होतं.

इथे विषय मीटिंगआधीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन मिटवतात. मीटिंगमध्ये नुसत्या माना हलवायच्या. साहेब माझ्याकडे आले, मी मान हलवली. बाईंकडे ते गेलेच नाहीत. करारापायी त्या गप्प बसतील, असं त्यांनी धरलं होतं.

"कलम काढायला कुणाची हरकत?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"माझी आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तू सांग बरं, का काढायचं?"

"बँकेला नकोय म्हणून."

"ते त्यांचं झालं. तुझं काय?"

माझं काहीच नव्हतं. मला लाज वाटली. बाईंनी टेबलाभोवती सगळ्यांना हेच विचारलं. कुणीच उत्तर देईना, तेव्हा साहेब म्हणाले, "एकमत नाही, तर कलम राहू द्या."

कलम राहिलं. करार काही वाढला नाही. निघायच्या दिवशी मी खाली मान घालून त्यांचं सामान बांधत होतो, तर म्हणाल्या, "अरे, जेवलास का?" पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या.

गेल्या वर्षी त्या बेटावर वादळ झालं. सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर तिथल्या बँकेची खुली बैठक लावली. बंद दाराआड कोण काय बोललं, ते एक कारकून वाचत होता. कोण काहीच बोललं नाही, तेही त्याने नावानिशी वाचलं.

बाईंना कळवावं म्हणून त्यांचा नंबर काढला, पण फोन लावला नाही. आमच्या त्या मीटिंगचं इतिवृत्त मी लिहिलं होतं. त्यात बाईंचं नाव नाही. 'कलम सर्वानुमते कायम' एवढंच आहे.