अर्थिंगची ताजी तार

ती घटना आजही डोळ्यांसमोर आहे, कारण त्यात एका निर्दोष माणसाने आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा तयार केला होता.

कोल्हापुरात घरोघरी टीव्ही येऊ लागले होते. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होते. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा मालक भरदुपारी कामाच्या टेबलापाशी मरून पडला. त्याला सगळे मास्तर म्हणत; शहरातले कितीतरी कारागीर त्याच्या हाताखाली शिकलेले. शवविच्छेदनात विजेचा धक्का निघाला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. टेबलावर ऑसिलोस्कोप होता, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्यात दोष सापडेना. गळका करंट जमिनीत उतरवणारं अर्थिंगही जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरचा शिंपी ठाण्यात आला.

"बाईसाहेब, माझं नाव कुठं घालू नका. मास्तर पडल्यावर त्याचा भागीदार वरडायच्या आधी प्लग खोलत बसलाता. मी बघितलंय की."

दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं वाजल्याचं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. खुनाचा संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. भागीदाराला बोलावलं, तर तो गप्प.

"दगुड हाय ह्यो," हवालदार म्हणाले. "च्या प्यायला तेवढं त्वांड उघडतंय."

मी मुद्देमालातला ऑसिलोस्कोपचा प्लग मागवून खोलला. दोन तारांची टोकं जुनी, काळवंडलेली. अर्थिंगच्या तारेचं टोक मात्र नुकतंच सोललेलं, चकचकीत. विजेने मारायचं असेल तर माणूस अर्थिंग सोडवील. मग परत जोडेल कशाला? खुणा पुसायला, नाहीतर दुसऱ्या कुणाची चूक झाकायला.

"मास्तर गेल्यावर तार तू जोडलीस," मी म्हणाले. "त्याआधी सोडवली कुणी?"

तो म्हणाला, "मास्तरनंच."

त्या टीव्हीच्या आतला पत्रा थेट विजेच्या लाइनला जोडलेला असे. त्याला ऑसिलोस्कोपचा, अर्थिंगला जोडलेला चिमटा लावला की फ्यूज उडायचा. खरा उपाय म्हणजे टीव्ही वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून चालवणं. पण तो जड, उचलायचा कंटाळा. त्यापेक्षा कारागीर ऑसिलोस्कोपचं अर्थिंग सोडवत. फ्यूज वाचायचा, यंत्राच्या लोखंडी पेटीत मात्र करंट उतरायचा. मास्तरचा हात त्या पेटीला लागला होता.

"मग लपवलंस का?"

"अर्थिंग सोडणाऱ्याला त्यो दुकानातनं हाकलायचा, बाईसाहेब, आन सोता त्यानंच गेला. आमचं भांडान वाटणीचं. म्हणून लोकांनी त्याला अडाणी म्हणावं व्हय?"

"आणि तुला तीनशे दोन लागलं असतं तर?"

"वाटलं, कुणी बघितलं न्हाय."

नुसत्या जबाबावर मी विसंबले नाही. विद्युत निरीक्षक आणि पंचांसमोर तार सोडवून तशीच जोडणी करायला लावली. पेटीला टेस्टर लावताच दिवा लागला. पंचनाम्यात चिमटा टीव्हीच्या पत्र्यालाच लावलेला होता; अर्थिंग सुटलंय हे ठाऊक नसतं, तर मास्तरने तो तिथे लावलाच नसता. भागीदार सुटला.

जाताना म्हणाला, "वहिनीला तेवढं सांगू नका."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस. चल."

मास्तरच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. "एवढ्यासाठी फासावर चढनार हुतास?" ती म्हणाली. "त्यांच्या हाताखालची पोरं अजून तसंच करत असतील. हितं काय बसलाईस? जा, त्यास्नी सांग."

तो दुकानोदुकानी फिरला आणि मास्तर कसा गेला ते जसंच्या तसं सांगत सुटला. गप्प बसलेल्या माणसाकडे त्यानंतर मी निराळ्या नजरेने पाहू लागले. तो स्वतःला वाचवतोय की दुसऱ्या कुणाला, हे आधी ठरवायचं आणि मगच पुढचा प्रश्न विचारायचा.