वीरभद्रची अर्धी भिंत

लातुरात निकाल लागला की वीरभद्र स्वामीला जेवायलाही सवड मिळत नसे. क्लासवाल्यांचे फोन सकाळपासून सुरू व्हायचे. पोरांचे फोटो मोबाइलवर येऊन पडायचे. कुणाच्या मागे निळा पडदा, कुणाच्या मागे घराची खिडकी, एखाद्याच्या खांद्यावर बापाचा अर्धा राहिलेला हात. वीरभद्र प्रत्येकाच्या पाठीमागची दुनिया पुसून टाकायचा, चेहरा उजळ करायचा, खाली ठळक अक्षरात मार्क लिहायचा. मग ती पोरं फ्लेक्सवर चढून चौकाचौकात हसत उभी राहायची.

नोकरी त्यानं कधी धरली नाही. क्लासच्या भागात, होस्टेल आणि मेसच्या दाटीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत संसार आणि दुसरीत कॉम्प्युटर. लग्नाच्या बैठकीत तो म्हणाला, "मी घरूनच डिझाइनचं काम करतो," तेव्हा होणाऱ्या सासऱ्यानं काळजीनं विचारलं होतं, "म्हणजे कामाला जातच न्हाईत का?" आरतीला मात्र हसू आलं होतं, आणि त्या हसण्यावरच लग्न ठरलं.

काम शिकला तो केरबा पेंटरच्या हाताखाली. शहरात क्लास निघू लागले तसे केरबाला बोर्ड रंगवायला हात पुरेनात. पुढं फ्लेक्स आला आणि पाहता पाहता त्याच्या डब्यांतला रंग वाळून गेला. "आता तू कॉम्प्युटरच शीक बाबा," केरबा म्हणाला. "पण रंग मात्र बाहेर हिंडून बघत जा. त्या कॉम्प्युटरच्या डब्यात रंग दिसत न्हाई."

हे वीरभद्रनं मनावर घेतलं. धर्माबादच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात, तिथं तो कामाशिवाय जाऊन आला होता. गंजगोलाईच्या बाजारातल्या पोत्यांवरचे शिक्के, ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगवलेले मोर, येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जेवायला जाताना आंबिलीच्या मडक्यावर बायका चुन्यानं आणि तांबड्या कावेनं ओढतात ते पट्टे, सगळ्याचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असत. क्लासवाल्यांना त्याचं काही नसे. "फोटो मोठा करा, अक्षर मोठं करा," एवढंच त्यांचं म्हणणं.

पण प्रत्येक कामाच्या तळाशी तो एक बारीक पट्टी टाकायचा. नागमोडी तांबडी रेघ, तिच्या प्रत्येक वळणात तीन ठिपके, वर चिमणीच्या पायांसारख्या खुणा. ही पट्टी त्यानं कुठं पाहून घेतली नव्हती. ती त्याच्या आईची होती.

त्याचं गाव बेलवाडी, किल्लारीच्या अलीकडं. आईला तो अव्वा म्हणायचा. गावाची ती नीलव्वा. नागपंचमी आली की अव्वा पुढच्या खोलीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोचारा द्यायची आणि कावेनं सबंध भिंत चितारायची. वीरभद्रला ती पट्टी आठवायची. पट्टीच्या वर बैलांचे खूर, बायकांच्या पायांतली जोडवी, एका झाडाच्या मुळ्या. आणि त्याच्या वर काही नाही. सहा वर्षांचं पोर भिंतीला टेकून खेळायचं. जेवढं त्याच्या डोळ्यांसमोर आलं तेवढंच त्याच्याजवळ राहिलं.

भूकंपाच्या साली गणपती बघायचा हट्ट धरून तो लातूरला रत्नम्मा मावशीकडं आला. विसर्जन झालं, पोर दमून झोपलं, आणि उजाडलं तेव्हा बेलवाडी नव्हती. आई नाही, बाप नाही, भिंत नाही. मावशीनं त्याला आपल्या लेकरांत वाढवलं, कधी पानात दुजाभाव केला नाही. पुढं गावाला दुसरीकडं जागा मिळाली, सिमेंटची घरं सरळ ओळीत उभी राहिली. वीरभद्र एकदा तिथं जाऊन आला. भिंती कोऱ्या होत्या.

त्याच्या कॉम्प्युटरवर 'अव्वा' नावाची एक फाइल होती. खाली पट्टी, खूर, जोडवी, मुळ्या. वर रिकामं. काम नसलं की तो ती उघडायचा, बैलांना अंगं द्यायचा, बायकांना चेहरे द्यायचा. दर वेळी ते लग्नपत्रिकेसारखं दिसायचं. मग सगळं पुसून तो परत खुरांपर्यंत यायचा. "कुणाला तरी विचारा ना," आरती म्हणायची. पण विचारावं तरी कुणाला? त्या घरात येणारी-जाणारी माणसं त्या घराबरोबरच गेली होती.

ज्या साली लातूरला प्यायला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या सालची गोष्ट. एका क्लासनं नांदेडला शाखा काढली. फ्लेक्स छापायचं काम नांदेडच्या सलीमकडं होतं. तो वीरभद्रचा जुना दोस्त, त्याच्या सगळ्या डिझाइन सलीमच्याच मशीनवरून निघायच्या. बोर्ड कुठं कुठं लावायचे हे बघायला दोघं भोकर करून हदगावला गेले. दुसऱ्या दिवशी पंचमी होती. बसस्टँडजवळ चहा घेऊन गल्लीतून निघाले, तर सलीम गाडी थांबवून मागं वळला.

"वीरू, तुझी पट्टी इथं कोणी चोरली रे?"

एका घराच्या पुढच्या भिंतीला ओला पोचारा होता. चाळिशीची एक बाई खाली बसून चेचलेल्या काडीनं काव ओढत होती. नागमोडी रेघ. वळणात तीन ठिपके. वर चिमणीचे पाय.

वीरभद्र गाडीवरून उतरला. सलीमनंच विचारलं, "ताई, हे कुठं शिकल्या तुम्ही?"

"शिकायचं काय त्यात? माहेरी काढायचो आम्ही."

"माहेर कुठलं?" आता वीरभद्र बोलला.

बाईचा हात थांबला. "आता न्हाई ते. भूकंपात गेलं. किल्लारीकडं होतं, बेलवाडी."

"मी नीलव्वाचा," तो म्हणाला. "नीलव्वा स्वामीचा वीरू."

बाई उठली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मातीनं भरलेले दोन्ही हात त्याच्या गालांना लावले. "तू हाईस? तू हाईस रं? लातूरला गेला म्हणून वाचला म्हणत होते, खरं होतं म्हणायचं!" ती रडत होती आणि हसतही होती. तिचं नाव सिंधु. अव्वाच्या घराला लागून तिचं घर. पंचमीला अव्वाच्या हाताखाली काव कालवायला ती असायचीच.

चहा झाला. गावातली माणसं एकेक करून बोलण्यात निघाली. कोण राहिलं, कोण गेलं. मग वीरभद्रनं विचारलं, "मावशी, अव्वाच्या भिंतीवर वर काय असायचं? मला खूर आठवतात, जोडवी आठवतात. त्याच्या वरचं आठवत नाही."

"वरचं?" सिंधुनं विचारलं, "कोणत्या सालचं?"

"म्हणजे?" वीरभद्र म्हणाला.

"दर साली येगळं असायचं रं ते. खालचं ठरलेलं, बैल, बाया, झाड, ते आम्ही पोरी काढायचो. वर मात्र नीलव्वा कुणाला हात लावू द्यायची न्हाई. सालात जे घडलं ते वर. तू झालास त्या साली पाळणा काढला, अन् पाळण्यात नागाचं पिल्लू. तुझी आजी लई कावली होती! गावात लाइट आली तेव्हा खांब काढला, खांबावर चिमण्या वळीनं."

"अन् शेवटच्या साली?"

"त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, मी इकडं आले. पंचमीला न्यायला कोणी आलं न्हाई. मी न्हाई पाहिलं." तिनं हलकेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू होतास की रं घरात."

तो होता. त्या भिंतीला पाठ लावून बसला होता. मान वर केली असती तर दिसलं असतं. पण सहा वर्षांच्या पोरानं मान वर का करावी? भिंत काय, उद्याही असणारच होती.

त्याचे डोळे भरून आले तेव्हा सिंधुनं काडी त्याच्या हातात दिली. "रडू नको. मी वरचं दर साली सोडूनच देते, मला जमत न्हाई. तू काढ."

"काय काढू?"

"या साली काय घडलं?"

वीरभद्रच्या डोळ्यांपुढं आधी फ्लेक्सवरची पोरं आली. मग तो म्हणाला, "लातूरला पाणी आगगाडीनं आलं."

"तेच काढ!" सलीम म्हणाला.

सिंधुनं आधी खालचे बैल, बाया आणि झाड पुरं केलं. मग वर वीरभद्रचा पहिला डबा वाकडा आला. तो पुसायला वीरभद्रची बोटं भिंतीकडं गेली, तशी सिंधु ओरडली, "पुसू नको! पंचमीच्या भिंतीवर पुसत न्हाईत." मग तो पुसायचं विसरला. बैलांच्या शिंगांवरून, झाडाच्या शेंड्यावरून डब्यांमागून डबे चालले. खाली घागरी घेतलेल्या बाया. इंजिनाला त्यानं नागाचा फणा काढला. गल्लीतल्या बाया जमल्या, कुणी हसल्या, कुणी वाकडे डबे मोजले. सलीमनं लोटाभर पाणी आणून काव पातळ करून दिली.

घरी येऊन त्यानं आरतीला सगळं सांगितलं. 'अव्वा' फाइल त्यानं पुरी केली नाही आणि पुसलीही नाही. बेलवाडीचं कुणी भेटलं की तो अजून विचारतो, त्या पंचमीला आमच्या घरात कोणी आलं होतं का. एका म्हाताऱ्यानं आठवून आठवून सांगितलं, "काहीतरी पंखाचं होतं बहुतेक." दुसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, ते दुसऱ्याच्या घरचं असंल.

पण पंचमीच्या आदल्या दिवशी तो हदगावला जातोच. एक साल तेवढं चुकलं, कोरोनाचं. क्लास बंद, पोरं आपापल्या गावाला गेलेली, सगळं लातूर सुनं. सिंधुमावशीचा फोन आला. "तू येत न्हाईस तर मी काढते. सांग, काय काढू?"

वीरभद्रनं खिडकीतून पाहिलं. समोरच्या होस्टेलच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या आणि एकीवरही कपडा नव्हता.

"मोकळ्या दोऱ्या काढा," तो म्हणाला.

दुपारी मोबाइलवर फोटो आला. रेघा थरथरत्या होत्या, पण भिंत वरपर्यंत भरली होती. दोऱ्यांमागं दोऱ्या, सगळ्या मोकळ्या. फक्त एकीवर मावशीनं आपल्याच मनानं एक लहान अंगडं वाळत घातलं होतं. वीरभद्रनं ते बोटांनी मोठं करून पाहिलं, आणि आरतीनं जेवायला हाक मारली तरी तो बघतच बसला.