डाव्या डोळ्यातलं पाणी

आमच्या शेजारच्या काकूंइतकं देखणं रडणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झालेलं नाही, आणि पुढं होईल अशी आशाही कुणी धरू नये. रडताना भल्याभल्यांची तोंडं वाकडी होतात, नाकं लाल होतात, काहीजण तर आता शिंकणार असे दिसतात. काकूंचं तसं नव्हतं. त्यांच्या डाव्या डोळ्यात आधी नुसती चमक यायची. मग पापणीच्या काठाशी एक थेंब येऊन थांबायचा, बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि मग तो थेंब गालावरून सावकाश, मधे कुठंही न फुटता, हनुवटीपर्यंत उतरायचा. उजवा डोळा तोवर कोरडा. दोन्ही डोळे एकदम वाहिले की बघणाऱ्याला कुठं बघावं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं ग्लिसरीनशिवाय. ग्लिसरीनचं नुसतं नाव काढलं तरी त्या अशा बघायच्या, की आपण त्यांच्या आमटीत विकतचा मसाला टाकल्यासारखं वाटायचं.

काकू जुन्या सिनेमातल्या नटी. नायिका नव्हेत, नायकाची आई. कोल्हापूरकडची ही मुलगी स्टुडिओत गेली ती नायिकेची मैत्रीण व्हायला. पण एका चित्रपटात आईचं काम करणाऱ्या बाई ऐन वेळी आजारी पडल्या, काकूंच्या केसांना पांढरी पावडर लावून त्यांना उभं केलं, आणि त्या अशा रडल्या की कॅमेरावाल्यानं चष्मा काढून पुसला. झालं. त्यानंतर एकाही निर्मात्यानं त्यांना तरुण होऊ दिलं नाही. "नायक माझ्याहून वयानं मोठा," काकू सांगायच्या. "जेवताना मला म्हणायचा, ए पोरी, मीठ दे इकडं. आणि जेवण झालं की माझ्याच पायाशी बसून, आई, मी पास झालो." त्या किती चित्रपटांत विधवा झाल्या, कितीदा आंधळ्या झाल्या, खोकत खोकत कितीदा गेल्या, याचा हिशेब त्यांच्यापाशीही नव्हता. अशाच एका चित्रपटाच्या वेळी गावाकडचा देखावा घेताना बैल आजारी पडला. त्याला बघायला गुरांचे सरकारी डॉक्टर आले. ते मूळचे आमच्या औंढ्याचे. बैल दोन दिवसांत बरा झाला, डॉक्टरसाहेब काही झाले नाहीत. लग्न करून, बदल्या संपवून ते काकूंना घेऊन औंढा नागनाथला आले आणि आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं.

पडदा सुटला तरी सवयी काही सुटल्या नाहीत. उजेड कुठून येतो हे बघितल्याशिवाय काकू कुठं उभ्या राहत नसत. आठवडी बाजारात मेथी जिथं ताजी तिथं लोक गर्दी करतात, काकू मात्र जिथं ऊन डाव्या गालावर पडेल त्या मेथीवालीकडं जायच्या. आधार कार्डाचा फोटो काढताना त्यांनी त्या यंत्रावरच्या माणसाला खुर्ची खिडकीपाशी न्यायला लावली, पंखा बंद करायला लावला, पाठीमागं पांढरी चादर धरायला रांगेतली दोन माणसं उभी केली. बाकी अख्ख्या तालुक्याचे आधारवरचे चेहरे नुकतेच पोलिसांनी पकडल्यासारखे आहेत. काकूंचा फोटो बघायला मात्र लोक पाहुण्यांना घेऊन यायचे.

दुसरी खोड उंबऱ्याची. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना काकू दाराशी थांबायच्या, चौकटीवर हात ठेवायच्या आणि वळून एकदा मागं बघायच्या. देवळात जाताना तर बघायच्याच, पण केर टाकायला जातानाही बघायच्या. नवा दूधवाला पहिले काही दिवस पातेलं घेऊन जाणाऱ्या काकूंनी असं वळून बघितलं की 'काय म्हणल्या?' करत उभा राहायचा. आणि पाहुण्यानं घरात कसं यावं याविषयीही त्यांची मतं पक्की. मला कचेरीत बढती मिळाली ती बातमी द्यायला मी गेलो, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी हात वर केला. "हे काय? बातमी आणलीय की किराणा? बाहेर जा, चपला घाला आणि पुन्हा या." मी गेलो. पुन्हा आलो. दुसऱ्या खेपेला मलाही आनंद जास्त झाला हे कबूल केलं पाहिजे.

कधी टीव्हीवर त्यांचा एखादा चित्रपट लागला की गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं जमायच्या. पडद्यावर काकू प्राण सोडतायत, बायका पदर डोळ्याला लावून बसल्यात, आणि काकू सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत, मान जरा उजवीकडं पडायला हवी होती, म्हणून चुकचुकतायत. पुसेगावकडची एक धनगर आजी शेळी दाखवायला डॉक्टरसाहेबांकडं आली होती. तिनं पोरपणी गावातल्या तंबूत काकूंचा चित्रपट बघितलेला. तिनं काकूंना निरखून बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमी तर मेल्या हुत्या न्हवं?" काकू म्हणाल्या, "व्हय. पण मागून बरी झाले." आजीला ते पटलं. तिनं काकूंच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

पण काकूंची खरी कीर्ती झाली ती लग्नांत. डॉक्टरसाहेबांच्या कंपाउंडरच्या मुलीचं लग्न गोरेगावात होतं. पाठवणीची वेळ झाली, गाडी फुलं लावून उभी, आणि रडायला कुणी तयार नाही. नवरी मैत्रिणींबरोबर फोटो काढण्यात दंग, मावश्या आहेराच्या पिशव्या शोधतायत. आमच्याकडं पाठवणी कोरडी गेली की लोक बोलतात. लेक जड झाली होती काय, असं व्याह्यांसमोर विचारायलाही कमी करत नाहीत. नवरीची आई बावरून गेली. तेव्हा काकू पुढं झाल्या, नवरीच्या गालावर हात ठेवला, "बाळ, घर मोठं झालं गं आज," एवढंच म्हणाल्या आणि डाव्या डोळ्यातून तो थेंब सोडला. मांडवच्या मांडव हमसून रडला. बँडवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली ठेवली. तेव्हापासून तालुक्यात लग्न ठरलं की मुहूर्ताच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, पाठवणीला काकू आहेत ना? काकू जायच्या. गाडी कुठं लागणार, ऊन कुठून येणार, एवढं विचारून घ्यायच्या, रडायच्या, रडवायच्या, आणि घरी येऊन चेहरा धुऊन खिचडीवर तूप घेऊन पोटभर जेवायच्या.

आमची मनू त्यांच्या घरात वाढली. माझी बायको शिक्षिका, सकाळच्या जीपनं सेनगावला जायची, मी कचेरीत. काकूंना मूलबाळ नव्हतं. मनूला भिंतीपलीकडं सोडलं की संध्याकाळपर्यंत काळजी नसायची. काकूंनी तिला पाढे शिकवले नाहीत, रडणं शिकवलं. शाळेत गृहपाठ नसला की ही बया एका डोळ्यातून एकच थेंब काढायची आणि बाई विरघळायच्या. दोन्ही डोळ्यांनी भोकाड पसरणारी बाकीची लेकरं मार खायची. मनू त्यांना आजी म्हणायची. डॉक्टरसाहेब गेले तेव्हा ती कॉलेजात होती, परीक्षा सोडून आली आणि महिनाभर काकूंच्याच घरी झोपली.

यंदा मनूचं लग्न ठरलं, नाशिकला. औंढ्याहून लांब. साड्या बघताना, बायका भोवती असताना, ती काकूंना म्हणाली, "आजी, तुमी साऱ्या गावाच्या पोरींसाठी रडता. माझ्यासाठी तसं नका रडू. खरं आलं तरच रडा. मला ते सारं माहीत हाय." काकू हसल्या, बरं म्हणाल्या, आणि तिला दुसरी साडी दाखवली. दोन दिवसांनी दुपारी त्या आमच्याकडं आल्या. दाराशी थांबल्या नाहीत, खुर्ची उजेडाकडं ओढली नाही, सरळ येऊन बसल्या. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"डॉक्टरसाहेब गेले तेव्हा मी रडत होते," त्या म्हणाल्या. "चांगली मनापासून. आणि मधेच ध्यानात आलं, की मी तोंड खिडकीकडं वळवलंय. उजेडासाठी. समोर माझा माणूस, आणि मी उजेड बघते. त्या दिवसापासून मी घरात कधी रडले नाही. मला खरं रडू येतं का हेच मला ठाऊक नाही, भाऊ. आणि पोरगी नेमकं तेच मागते."

मी म्हणालो, पाठवणीच्या गडबडीत कोण बघतंय. त्या म्हणाल्या, "ती बघणार. बघायला मीच शिकवलंय तिला." मी चहा टाकायला आत गेलो. माझ्या लेकीचं लग्न आणि त्यातली सगळ्यात मोठी धास्ती काकूंना.

लग्न हिंगोली रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात झालं. ऊन उतरायच्या वेळेला पाठवणी. माणसं काकूंना वाट करून देत होती, शूटिंगवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांच्यासाठी जागा धरून उभा होता, आणि काकू कुठंच दिसेनात. त्या मागं, भांडी घासायच्या पत्र्याच्या शेडपाशी, सावलीत उभ्या होत्या. हातात डबा. मनूला वाटेत खायला त्यांनी पहाटे उठून धपाटे केले होते. मी बोलावल्यावर पुढं आल्या. ड्रायव्हरला जादा चाक आहे का विचारलं, पाण्याच्या बाटल्या पायाशी ठेवायला लावल्या. मनू पाया पडली. प्रत्येक पाठवणीला ज्यांच्याकडं वाक्य तयार असायचं, त्या एवढंच म्हणाल्या, "पदर आत घे, दारात सापडंल." आणि तिचा पदर नीट करायला हातातला डबा त्यांनी बाजूच्या कट्ट्यावर ठेवला. मनू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन्ही डोळे कोरडे. मनूनं मान खाली घातली आणि ती गाडीत बसली. मला तिचा राग आला, काकूंची कीव आली, आणि माझं स्वतःचं रडायचं राहूनच गेलं.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मावश्यांनी नाकं ओढली, पण म्होरक्या नसल्यावर गाणं जसं रेंगाळतं तसं ते रडणं लगेच विरून गेलं. माझी मेहुणी हळूच म्हणाली, आज काकूंची तब्येत बरी नाही वाटतं. माणसं पांगायला लागली. काकू वळल्या आणि त्यांना कट्ट्यावरचा डबा दिसला.

"धपाटे राहिले," त्या म्हणाल्या. डबा उचलून त्यांनी रस्त्याकडं दोन पावलं टाकली, थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "अवं, धपाटे राहिले तिचे." आणि मग सुरू झालं. दोन्ही डोळे एकदम, नाक त्यांच्या बरोबरीनं. तोंड वाकडं झालं, खालचा ओठ लहान लेकरासारखा बाहेर आला, आणि घशातून जो आवाज निघाला तो मी कुठल्याही चित्रपटात ऐकला नव्हता. शूटिंगवाल्यानं तो ऐकला. बिचाऱ्याला वाटलं, उशिरा का होईना काकूंनी सुरुवात केली. तो कॅमेरा घेऊन धावत आला. उभ्या आयुष्यात कॅमेऱ्याकडं पाठ न केलेल्या त्या बाईनं पाठ केली. मागच्या शेडच्या पत्र्याकडं तोंड करून, डबा छातीशी धरून त्या म्हणाल्या, "इकडं बघू नका हो. चांगलं न्हाई दिसत."

मी मधे उभा राहिलो. शूटिंगवाल्याला म्हणालो, जेवून घ्या, पंगत उठेल. तो गेला. मी काकूंकडं पाठ करून, येणाऱ्याजाणाऱ्याला काही ना काही कामं सांगत, त्यांचं होईपर्यंत तसाच उभा राहिलो. त्यांना बराच वेळ लागला.

त्या नळावर तोंड धूत असताना मनूचा फोन आला. म्हणाली, बाबा, डबा राहिला बघा आजीचा. मी हो म्हणालो. मग तिनं विचारलं, "आजी घरी गेल्या का?"

"न्हाई. इथंच हायत. रडल्या."

"कशा रडल्या?"

मी नळाकडं बघितलं. नाक लाल, डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले.

"लई वाईट," मी म्हणालो.

मग मनू रडायला लागली, मोठ्यानं, आणि जावईबापूंनी गाडी बाजूला घ्यायला सांगितल्याचं मला ऐकू आलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बरं झालं, बाबा."

काकू पदरानं तोंड पुसत आल्या. पोरगी काय म्हणाली ते त्यांनी विचारलं, मी काय उत्तर दिलं तेही विचारलं. मी सांगितलं.

"वाईट म्हणजे किती वाईट?"

"दिग्दर्शकानं काम काढून घेतलं असतं, काकू."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या रडण्याला मी आजवर अनेकदा दाद दिली होती, पण इतकं समाधान त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. मग डबा काखोटीला मारून त्या निघाल्या. सवयीनं मी गेटाकडं बघत राहिलो. मावळतीचं ऊन नेमकं डाव्या बाजूनं येत होतं. काकू तशाच पुढं चालत गेल्या, वळून बघायचं विसरून गेल्या.