काचेआडची नऊवारी

ओली नऊवारी काठीच्या टोकावर उचलायची, छताजवळ टांगलेल्या दांडीवर एका झटक्यात टाकायची, आणि ती ना भिंतीला लागायची, ना जमिनीला, ना स्वतःच्या अंगाला! अक्कांना हे करताना ज्यानं पाहिलं नाही त्यानं काय पाहिलं, असं मला अजूनही वाटतं. साडी वर गेली की त्याच काठीनं ती दोन्हीकडून सारखी करायची, आणि मग मागे वळून नुसतं "हं" म्हणायचं. सोवळ्याला त्या मडी म्हणायच्या. आंघोळ करून, कुणाचाही हात न लागलेली अशी साडी नेसल्याशिवाय अक्का चुलीपाशी जात नसत.

अक्का म्हणजे कानडी मुलखात, येलहंक्यातल्या आमच्या घरमालकीणबाई. लग्न होऊन मी पुण्याहून थेट त्यांच्या वरच्या मजल्यावर येऊन पडले. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी आधी मला कळेचना. "स्वल्प थांब", "सरी, हो पुढे", असं चालायचं; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. सोवळं एवढं कडक म्हटल्यावर बाई जुनाट असणार, असं मी धरून चालले होते. कसलं काय! अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेल्या. दिवसभर कानाला हेडफोन आणि घरी आल्यावर आंघोळ करून मडी. यात काही विसंगत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांची दांडीची कसरत बघून एकदा मलाही सुरसुरी आली. द्या म्हटलं काठी. साडी वर गेली, दांडीला हुलकावणी देऊन खाली आली ती माझ्या डोक्यावर. मी आत चाचपडतेय आणि बाहेर अक्का पोट धरून हसतायत. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही गं, पुण्याची," म्हणाल्या, आणि ती साडी पुन्हा धुवायला घेतली.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. आधी दुखायचा, मग हात वरच जाईना. पावसाचे दिवस, कापड दोन-दोन दिवस दमट. मुलगा रघू बँकेत होता, स्वभावानं गरीब. तो म्हणाला, स्वयंपाकाला बाई ठेवू, तू आता आराम कर. एवढं साधं बोलणं, पण अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दुपारी त्या जिना चढून माझ्याकडे आल्या, पाण्याचा घोटही घेतला नाही, आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी माझी मडी मला वाळत घालता येणार नाही, त्या दिवशी मी चुलीपासून उठले. आणि चुलीपासून उठले म्हणजे मग कशाला राहायचं गं?" गोकुळाष्टमी तोंडावर आली होती. त्या दिवशी सगळ्या गल्लीला अक्कांच्या हातचे लाडू आणि चकल्या जायच्या.

नेमकं त्याच आठवड्यात मला वॉशिंग मशीन घ्यायचं होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं, सगळ्यांनाच मशीन हवं झालेलं, मला तर स्वप्नं पडत होती! दुकानात कानडी बोलायला हक्काचं माणूस म्हणून मी अक्कांना ओढून नेलं. माझं ठरलेलं होतं, वरून झाकण उघडणारं. पुढून गोल काचेचं दार असलेलं एक मशीन कोपऱ्यात होतं, धुवायचं आणि गरम हवेनं वाळवायचंही. पण त्याची किंमत ऐकूनच मी मागे सरले. शिवाय दुकानदार प्रामाणिक. त्यानं त्याचा दोषही सांगून टाकला, की एकदा सुरू झालं की दाराला कुलूप लागतं, मोजा राहिला असेल तर राहिला, मधे उघडता येत नाही. मी म्हटलं, असलं काय कामाचं? आणि बाजूला बघते तर अक्कांचे डोळे चमकतायत.

"म्हणजे मधे कुणी हात घालू शकत नाही?" त्यांनी विचारलं. दुकानदार ओशाळून नाही म्हणाला. वाळेपर्यंत? वाळेपर्यंत. कावळा, मांजर, शेजाऱ्याचं पोर? काहीच नाही. मग पाणी नळातून थेट आत येतं ना, पिळायला कोण, असे प्रश्न विचारून अक्कांनी त्याला असा काही घामाघूम केला की तो पंख्याखाली जाऊन उभा राहिला. शेवटी त्यांनी त्या काचेवर बोट टेकवलं. "हे मडीचंच मशीन आहे. करणाऱ्याला माहीत नाही, एवढंच." आणि निवृत्तीच्या पैशातून ते तिथल्या तिथे घेऊन टाकलं. मला असा आनंद झाला की माझं मशीन घ्यायचंच विसरून मी त्यांच्यासोबत रिक्षात बसले!

मशीन आलं, अक्कांच्या स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसलं, त्याला हळदकुंकू लागलं. अक्का समोर पाट टाकून बसल्या आणि आत साडी कशी लोळतेय ते बघत राहिल्या. पिळायला लागलं की फरशी थरथरायची आणि फडताळातली भांडी वाजायची. पहिल्या उत्साहात अक्कांनी सासूबाईंची लोकरीची धाबळीही आत टाकली. पावसात कापड वाळलं नाही की सोवळ्याला तीच नेसायची. मी ओरडेपर्यंत दाराला कुलूप लागलं होतं. बाहेर आली ती पोराच्या लंगोटाएवढी! रघूनं डोक्याला हात लावला. अक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, सासूबाईंना फार मोठेपणा होता, उतरला. थंडीत तीच धाबळी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या अंगावर गेली.

खरी परीक्षा अष्टमीला झाली. साडी आत, पाणी काचेच्या अर्ध्यावर, आणि करंट गेला. दार उघडेना. बाहेर पाऊस, रव्याचे डबे काढून ठेवलेले, आणि अक्का न्हाऊन ओलेत्यानं उभ्या. रघू पेचकस घेऊन आला, तर म्हणाल्या, हात लावायचा नाही. मी रडकुंडीला आले, म्हटलं आजारी पडाल. त्या मशीनसमोर पाटावर बसल्या. "एक्स्चेंजात लाइन गेली की आम्ही हेडफोन काढत नव्हतो," म्हणाल्या. "लाइन येतेच. आपण जागेवर असावं लागतं." आणि जपाला लागल्या. करंट दिवेलागणीला आला. मशीन धडधडलं तशी मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या! शेवटी कुलूप खट्कन सुटलं, अक्कांनी आतून गरम साडी काढली, आणि नेसून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा काय सांगू, नव्या नवरीचा होता. कृष्णजन्माआधी लाडू वळून झाले, चकल्या तळून झाल्या. गल्लीत कुणाच्याही घरी त्या कमी पडल्या नाहीत.

त्यानंतर दोन पावसाळे अक्का त्याच मशीनच्या जिवावर चुलीपाशी राहिल्या. रघूनं स्वयंपाकाच्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही. खांदा अगदीच हट्टाला पेटला की त्या खालून मला हाक मारायच्या. बटण दाबायला मडी लागत नाही गं, ये. मी पळत जायची.

एका सकाळी त्यांना दम लागला. रिक्षा दारात उभी, मशीन आत चालू. रघूचा हात धरून पायरी उतरताना त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "माझी मडी आत आहे. कुणी उघडू नका. मी येते."

त्या आल्या नाहीत.

ते सगळे दिवस मशीनला कुणी हात लावला नाही. येता-जाता काचेतून हिरवी साडी दिसायची, वाळून गोळा होऊन बसलेली. तेरावं झाल्यावर रघू वर आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, तुम्हीच काढा. मी म्हटलं, अरे, मी कुठली सोवळ्याची? तो जिना उतरायला लागला.

मी आंघोळ केली आणि ओलेत्यानं जिना उतरले. दार उघडलं. भिंतीला टेकवलेली काठी घेतली, टोकावर साडी उचलली. पहिल्यांदा ती दांडीपर्यंत पोचलीच नाही, काठीवरच परत आली. रघू लांब उभा होता. डोळ्यांतल्या पाण्यानं दांडी नीट दिसत नव्हती. मी दात-ओठ खाऊन पुन्हा झटका दिला. साडी वर गेली, दांडीवर बसली, दोन्हीकडून सारखी खाली आली.

भिंतीला लागली नाही. मलाही लागली नाही.