जाळीमागचे मत

हॉकीच्या सामन्यात पेनल्टी कॉर्नरचा फटका उसळून गॅलरीसमोरच्या जाळीवर आदळला आणि मी दचकून तोंड फिरवले. शेजारी बसलेले मित्र हसले. "अहो, मध्ये जाळी आहे."

काही वर्षांपूर्वी याच मैदानावर एका होतकरू बचावपटूने असेच तोंड फिरवले होते. त्याच्यासमोर जाळी नव्हती. "हा चेंडूला घाबरतो," असे मी क्लबचा अध्यक्ष म्हणून प्रशिक्षकांना ठामपणे सांगितले. त्यांनी त्याला वगळले. पुढे त्याने हॉकीच सोडली. आपण आयुष्यात कधी स्टिक हातात धरलेली नाही, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

मध्यंतरात तेच प्रशिक्षक आदराने जवळ आले. "साहेब, या नव्या खेळाडूंत कच्चा कोण वाटतो?"

मला गप्प राहायचे होते. पण माझी नजर सवयीने मैदानात कुणाला तरी शोधू लागली होती.