चाळीस पानांची शिफारस

आमच्या चर्चच्या मंडळीचं चार पानी मासिक पत्रक मी काढतो. काढतो म्हणजे लोकांच्या मागे लागून लेख मिळवतो, ते कापतो आणि रविवारी उपासनेनंतर लेखकांचे रुसवे काढतो. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, तेव्हा निवृत्तीनंतर पाळकांनी ही सेवा माझ्या गळ्यात मारली. पहिल्या पानावरचा त्यांचा संदेश कुणी वाचतं की नाही, याची मला शंकाच आहे. तिसऱ्या पानावरचं ‘वाचलं, पाहिलं, ऐकलं’ हे सदर मात्र सगळे वाचतात. ते लिहिणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे. सगळी मंडळी तिला शिफारसवाली म्हणते, तिची आईसुद्धा.

दर महिन्याला एक पुस्तक, एक सिनेमा आणि कानाला लावून ऐकण्यासारखं काहीतरी, गीतं किंवा प्रवचनं. तरुण ख्रिस्ती माणसानं काय वाचावं हे सांगणारे वडीलधारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि सगळे तीच तीन पुस्तकं सांगतात. हिचं तसं नव्हतं. “या प्रवचनकारांचा आवाज रागावलेल्या मामासारखा आहे, पण दहा मिनिटं सहन करा, मग मामा विरघळतो,” असं ती लिहायची. लोक खरंच दहा मिनिटं सहन करायचे आणि पुढच्या रविवारी चहाच्या टेबलापाशी तिला गाठून मामाबद्दल बोलायचे.

गेल्या वर्षी ती एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागात तंत्रज्ञ म्हणून लागली. सहा खाटा, सहा यंत्रं. पहिली पाळी सकाळी सातला, म्हणजे हिनं त्याआधी तासभर येऊन नळ्या जोडून यंत्रं तयार ठेवायची. मग रुग्णाचं वजन करायचं, हातात दोन सुया घालायच्या आणि पुढचे चार तास यंत्रावर एक डोळा आणि माणसावर एक डोळा. मध्येच कुणाचा रक्तदाब घसरतो, कुणाच्या पोटरीत गोळा येतो. सगळं आटोपलं की यंत्रं धुवायची आणि दुसरे सहा जण घ्यायचे. तिच्या जोडीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. सहा दिवस असे काढून सातव्या दिवशी ही उपासनेला यायची आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. गीताला सगळे उभे राहिले तरी ही बसलेलीच.

“अंकल, या महिन्यात सदर नको,” ती मला म्हणाली. “वाचूनच होत नाही.”

“थोडंसं लिही गं. तुझं सदर नसेल तर ते पान कशानं भरू, वाढदिवसांच्या यादीनं?”

असं तिनं तीन महिने विचारलं आणि तिन्ही वेळा मी हसून वेळ मारून नेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला जे पहिल्या नजरेत दिसायला हवं, ते मला दिसलं नाही. तिच्या मजकुरात ‘सुरुवात’ हा शब्द फार यायला लागला होता. पुस्तकाची सुरुवात सुंदर, सिनेमाची सुरुवात वेगळी, गीतसंग्रह सुरुवातीपासून मन शांत करणारा. एका अंकात तर तो शब्द तीनदा आला होता, म्हणून मी एके ठिकाणी ‘आरंभ’ करून दिला आणि स्वतःवर खूश झालो.

मग तो सिनेमा झाला. पडक्या प्रार्थनामंदिरात नवी घंटा बसवणाऱ्या गावाची गोष्ट होती. शिफारस वाचून संडे स्कूलच्या बाईंनी तो मुलांना दाखवला. पहिला अर्धा तास घंटा, फुलं, गाणी. पुढे घंटेवर नाव कुणाचं कोरायचं यावरून गावकरी एकमेकांची डोकी फोडतात. बाईंनी घाईघाईनं तो बंद केला आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. मुलांनी फुटलेली डोकी काढली.

सगळी मंडळी हसली. ती हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, “अंकल, मी तो बसमध्ये पंचवीस मिनिटंच पाहिला होता. मग झोप लागली.”

“हल्ली पूर्ण कोण पाहतं?” मी म्हणालो.

त्याच अंकातलं पुस्तक होतं एका घड्याळजीची रोजनिशी, बायकोच्या लांबलेल्या आजारपणात लिहिलेली. हिनं लिहिलं होतं: “आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. पहिल्या पानापासून धीर येतो.” पुस्तक एकशे सत्तर पानांचं. हिनं चाळीस वाचली होती.

आमच्या मंडळीत एक शिंपी आहे. दिवसभर मशीन चालवून कान इतके भरलेले असतात की तो फारसा कुणाशी बोलत नाही. त्याची बायको हिच्याच विभागात चार नंबरच्या खाटेवर. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुसरी पाळी. तो दुकान बंद करून बायकोजवळ स्टुलावर बसायचा आणि यंत्रावरचे आकडे बघत राहायचा. एका मंगळवारी तो पिशवीतून घड्याळजीची रोजनिशी घेऊन आला. गळ्यात टेप तशीच, ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागला. दर खेपेला दहा-बारा पानं. तीन नंबरवरचे निवृत्त ड्रायव्हर सुरुवातीला कुरकुरले, पण पुढच्या खेपेला तेच विचारायला लागले, “घड्याळजीच्या सासूचं पुढे काय झालं हो?”

शिफारसवालीला फार बरं वाटलं. मला म्हणाली, कितीतरी दिवसांनी आपलं काहीतरी कुणाच्या कामी आलंय. आणि मग एका दुपारी शिंपी वाचत असताना तिच्या लक्षात आलं, की या ओळी आपण कधी वाचलेल्याच नाहीत. गोष्ट तिच्या चाळीस पानांच्या केव्हाच पुढे गेली होती, आणि पुढे काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून, मांडीवर डबा न उघडता ठेवून, तिनं उरलेलं वाचायला घेतलं. शनिवारपर्यंत संपवलं. एकशे बाराव्या पानावर घड्याळजीची बायको सांगते, की आता मला इस्पितळात नेऊ नका. सहा पानांनी ती जाते. पुढची पन्नास पानं घड्याळजी एकटा आहे. शिंप्याच्या वेगानं ते पान येत्या गुरुवारी येणार होतं.

रविवारी उपासनेनंतर तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातला चहा निवून गेला होता.

“मावशींना ते ऐकवायचं, तेही नळ्या लावलेल्या असताना? त्यांनी यंत्रालाच नको म्हटलं तर? आधीच कंटाळल्यात त्या. मी सांगितलं म्हणून काकांनी आणलं ना पुस्तक.”

“मागून घे,” मी म्हणालो. “दुसऱ्या कुणाला हवंय म्हण. दोन आठवड्यांत विसरतील.”

“खोटं बोलू?”

“तीन महिने काय करत होतीस?”

हे मी बोलायला नको होतं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. नुसती म्हणाली, “प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथेच झोप लागते, अंकल. बायबल उघडलं की तेच. म्हटलं, निदान ते सदर तरी चालू ठेवावं. नाहीतर प्रभूसाठी मी काय करते?” मी तिचा कप उचलून ठेवला.

मंगळवारी पाळी संपता संपता तिनं माझ्या अकलेनं केलं. “काका, हे पुस्तक मला देता का? दुसऱ्या एकांना हवंय.” शिंप्यानं लगेच पुढे केलं. भला माणूस, त्याला नाही म्हणता येत नाही. बायको मात्र म्हणाली, “अहो, माझी शाल बाहेर बाकावर राहिली वाटतं. बघा जरा.”

तो गेला. शाल तिच्या पायांवरच होती.

“कुणाला हवंय गं?”

ही सुईच्या जागी बोळा दाबून उभी होती. तो दहा मिनिटं धरावा लागतो, त्यामुळे पळायची सोय नव्हती. सगळं सांगितलं तिनं. चाळीस पानं, झोप, जिना, एकशे बारावं पान.

“मला ठाऊक आहे,” मावशी म्हणाल्या. “हे दुकानात असतात तेव्हा मी वाचून काढलं. पहिल्याच आठवड्यात.”

“मग थांबवलं का नाही त्यांना?”

“थांबवू कशाला? माझ्या माघारी यांचं काय, हा विषय घरी मी काढला की हे उठून मशीनवर बसतात. त्या खडखडाटात मी काय बोलणार? इथे मी बांधलेली आणि माझ्यापायी हेही बांधलेले. ते पान यांनी माझ्यासमोर वाचायला हवं. मी आहे तोवर.” मग म्हणाल्या, “पण तू केलंस ते वाईटच. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर?”

“चुकलं माझं, मावशी.”

“हो, चुकलं. पुस्तक ठेव इथे.”

शिंपी परत आला आणि बाहेर शाल नाही म्हणाला. ती बायकोच्या पायांवर दिसल्यावर स्वतःच्याच विसराळूपणावर हसला.

शनिवारी संध्याकाळी ही माझ्याकडे पुढच्या अंकाचा मजकूर घेऊन आली. चारच ओळी होत्या. गेल्या तीन महिन्यांत सुचवलेलं मी पूर्ण वाचलं, पाहिलं, ऐकलं नव्हतं. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांची क्षमा मागते. रोजनिशी आता संपवली आहे, तिच्यात मृत्यू आहे, बघून घ्या. काही महिने हे सदर नसेल. मी एकही शब्द न बदलता तसंच छापायला घेतलं आणि उरलेलं पान कोरं सोडलं. तीन महिन्यांपूर्वीच सोडायला हवं होतं. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटूनच तिनं मला गुरुवारचं सांगितलं.

गुरुवारी यंत्र सुरू होऊन दोन तास झाले तेव्हा शिंपी एकशे बाराव्या पानावर आला. घड्याळजीच्या बायकोचं वाक्य त्यानं अर्धं वाचलं आणि त्याचं बोट थांबलं. पुढचं त्यानं मनात वाचलं असावं, कारण पुस्तक मिटून तो यंत्राच्या आकड्यांकडे बघायला लागला.

“थांबलात का?” मावशी म्हणाल्या. “अजून दोन तास आहेत. सावकाश वाचा.”

ड्रायव्हरांनी भिंतीकडे तोंड केलं. ही पाच नंबरला रक्तदाब घ्यायला गेली होती, तो पट्टा हातात तसाच धरून उभी राहिली. शिंप्यानं पुस्तक उघडलं आणि वाचलं. ती सहा पानं वाचायला त्याला तासभर लागला. त्यापुढच्या पानावर घड्याळजी लिहितो, की आज शर्टाचं बटण तुटलं आणि ते कसं लावायचं हे मला ठाऊक नाही.

“बटण मला लावता येतं,” शिंपी म्हणाला.

“बटण येतं हो तुम्हाला. स्वयंपाक येत नाही. तो आजपासून शिकायचा. मी खुर्चीवर बसून सांगीन.”

मग त्यानं तिचा मोकळा हात शालीखाली घेतला आणि विचारलं, “आधी काय शिकायचं?”